डाएट सोडल्यावर भूक ओळखायला शिकतेय

कृष्णकमळ (गंगापूर रोड, नाशिक)

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकले. मेन रोडवरच्या आमच्या नेहमीच्या शिंपीकाकांनी माप घेतलं, जुन्या वहीतला आकडा बघितला आणि म्हणाले, "ताई, दीड इंच वाढवून घेतो." मी "घ्या" म्हटलं. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की माप देताना मी पोट आत ओढून धरलं नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणून हा धागा काढतेय.

माझं वय ४२. पहिलं डाएट बाविसाव्या वर्षी, बघण्याचे कार्यक्रम सुरू होते तेव्हा. मग कोबीचं सूप झालं, किटो झालं, रात्रीचा भात बंद झाला, दोनदाच जेवणं झालं, सोळा तास उपाशी राहणं झालं. प्रत्येक वेळी वजन उतरलं, एकदा तर अकरा किलो. आणि प्रत्येक वेळी परत चढलं, आधीपेक्षा थोडं जास्तच. मला वाटायचं पद्धत बरोबर आहे, मीच कमी पडतेय.

वजनकाटा बाथरूमच्या दाराशी असायचा. खिडकीकडच्या फरशीवर ठेवला की तो ३०० ग्रॅम कमी दाखवायचा, ती फरशी मला पाठ होती. सकाळच्या त्या आकड्यावर माझा दिवस ठरायचा. दिवसभर सगळं मोजूनमापून, आणि रात्री साडेअकराला सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून, दिवा न लावता, पातेल्यातला गार भात चमच्याने खायचे. चव लागायची नाही. पोट दुखेपर्यंत खायचे आणि सकाळी पुन्हा लिंबूपाणी. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर डेंग्यू झाला. दवाखान्यात राहावं लागलं, सात किलो वजन गेलं. जिना चढताना धाप लागायची, विंचरताना केसांचे पुंजके हातात यायचे. तशा अवस्थेत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले तर चार जणींनी विचारलं, "काय केलंस गं? मस्त बारीक झालीस!" आणि मला आनंद झाला. घरी येऊन वाणाची पिशवी खाली ठेवली आणि खूप रडले. आजारपणाचा आनंद व्हावा, इथपर्यंत मी आले होते.

त्यानंतर एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी खायचं काय हे सांगितलंच नाही. पहिलं काम दिलं ते असं: जेवायला बसण्याआधी भुकेला एक ते दहामधला आकडा द्यायचा. एक म्हणजे चक्कर येईल इतकी भूक, दहा म्हणजे श्वास घ्यायला त्रास होईल इतकं पोट गच्च. तीन दिवस माझ्या वहीत नुसत्या वेळा होत्या. आकडाच सुचेना. मला घड्याळ कळत होतं, कॅलरी कळत होत्या, भूक कळत नव्हती.

दुसरं काम एका बेदाण्याचं. आपल्याकडे बेदाणे किलोने येतात, मी ते मुठीने तोंडात टाकणारी. त्यांनी एकच तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, घाई नाही. उजेडात धरला तर मधाच्या रंगाचा, आतून जरासा पारदर्शक. देठाच्या जागी बारीकसं टोक. जिभेवर ठेवला तर आधी काहीच कळलं नाही. दाताने दाबल्यावर आधी आंबट लागला, मग गोड. बेदाण्यात आंबटपणा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढचे दिवस सोपे नव्हते, हे मुद्दाम लिहितेय. भात खायची परवानगी मिळाल्यावर मी दोन्ही वेळा भातच खात सुटले. चौथ्या आठवड्यात घाबरून फोन केला. बाई म्हणाल्या, "खात राहा, बसून खा, दिवा लावून खा." पाचव्या-सहाव्या आठवड्यात एकदा केलेला शिरा फ्रीजमध्ये तीन दिवस पडून राहिला. मी चक्क विसरले होते. घरात गोड आहे आणि मला त्याची आठवण नाही, हे याआधी कधी घडलं नव्हतं.

व्यायामाचंही तेच. आधी ट्रेडमिलवर लाल आकड्यांकडे बघत चालायचे, कालच्या गुलाबजामची भरपाई म्हणून. आता कृषीनगरच्या ट्रॅकवर मैत्रिणीबरोबर चालते, आणि रविवारी लेकीला घेऊन पांडवलेणी चढते. वर वारा चांगला असतो आणि सगळं शहर दिसतं म्हणून जाते. पावलं मोजणारं ॲप काढून टाकलं.

वजन आता किती आहे ते लिहीत नाही, कारण तोच आकडा बघून हा धागा वाचला जाईल.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नातेवाइकांच्या शेऱ्यांना तुम्ही काय उत्तर देता? आणि माझी तेरा वर्षांची लेक परवा आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आई, मी जाड आहे का गं?" तिला काय सांगू? मी तेव्हा "नाही गं, वेडी का काय" म्हटलं, पण ते उत्तर मला पटलेलं नाही.

काजवा

ओट्यापाशी उभं राहून खाणं वाचलं आणि पुढचं वाचवेना. मला वाटायचं असं फक्त मीच करते.

आमच्या शाळेत आरोग्य तपासणीला सगळ्या वर्गासमोर वजन मोठ्याने वाचून दाखवायचे. सहावीत होते. तो आकडा मला आजही आठवतो, सहावीतलं बाकी काही आठवत नाही.

तिसरा_गिअर

ताई, मनापासून लिहिलंय, त्याचा आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो.

मी सायकलवाला माणूस. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेतली 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हा मी ९४ किलोचा होतो आणि सातपूरला शिफ्ट करून घरी सोफ्यावर पडायचो. त्यांच्याकडे बघून सायकल घेतली. १६ किलो उतरवले, रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. शरीर आहे तसं स्वीकारा म्हटलं असतं तर मी सोफ्यावरच राहिलो असतो. आपल्याकडे घरटी मधुमेह आहे. अशा वेळी "हवं ते खा" ही पळवाट होत नाही का? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

हिरवी_मेथी

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच काम करते. सुरुवातीची बरीच वर्षं मी छापील तक्ते देत होते. किती जणी तो तक्ता पर्समध्ये घडी करून ठेवायच्या आणि तो पाळता आला नाही म्हणून पुढच्या भेटीला यायच्याच नाहीत, हे मी पाहिलंय. त्यामुळे हे सविस्तर लिहिते.

आधी कृष्णकमळच्या रात्रीच्या भाताबद्दल. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमारीतून आलेल्या लोकांना पुन्हा कसं खायला घालायचं हे शोधायचं होतं. या तरुणांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळत. आज कित्येक डाएट तक्त्यांत याहून कमी असतात! त्या मुलांचं वजन सुमारे चतुर्थांश घटलं. ती चिडचिडी झाली, उदास झाली, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली, ज्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. नंतर मनसोक्त खायला मिळालं तेव्हा पोट तुडुंब भरूनही कित्येकांचं समाधान होईना. ही तगडी, स्वेच्छेने आलेली मुलं होती. तेव्हा पातेल्यातल्या भाताला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं आणि ते आपलं काम करतं.

आता तिसरा_गिअर, तुमचा प्रश्न. तुमची काळजी रास्त आहे, पण वजनाचा आकडा आणि तब्येत यांची इतकी सरळ जोडी नसते. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. त्याचं सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या गणितज्ञाने मांडलं, माणसांच्या समूहाची सरासरी काढायला. त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये मिळालं, ते याच कीज यांच्या शोधनिबंधात. एकेका माणसाची तब्येत त्यावरून ठरवायला ते बनलेलंच नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो. म्हणून आपल्याकडे जास्त वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ वर धरतात, आणि म्हणूनच "मी बारीक आहे, मला काय होतंय" म्हणणारेही माझ्याकडे साखर घेऊन येतात.

"हवं ते खा" असं ही पद्धत म्हणत नाही. एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन अमेरिकी आहारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये 'इंट्यूइटिव्ह ईटिंग' या नावाने ती मांडली. त्यांच्या दहा तत्त्वांमध्ये पोषण आहे, पण ते सर्वांत शेवटी येतं. आधी भुकेशी ओळख, पोट भरल्याची ओळख, चवीचं समाधान, भावना आणि भूक यांतला फरक. अन्नाची भीती असताना पोषणाचा सल्ला दिला तर त्याचंही डाएटच होतं, हे मी माझ्या तक्त्यांवरून शिकले. बेदाण्याचा प्रयोगही जुना आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये दुखण्याने आणि तणावाने त्रासलेल्या रुग्णांसाठी जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून तो जगभर गेला.

सावधगिरीचंही लिहिते, ते कृपया नीट वाचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू असेल तर "भूक लागली की जेवेन" चालणार नाही. साखर एकदम खाली जाते. त्यांनी जेवणाच्या वेळा सांभाळायच्याच, आणि काहीही बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. खाऊन मुद्दाम उलटी काढणं, दिवसेंदिवस न खाणं, लपून खूप खाणं हे सारखं होत असेल तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, एकट्याने झगडू नका. आणि ज्यांची भूक वर्षानुवर्षं दाबली गेली आहे त्यांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. त्यांनी दर तीन-चार तासांनी थोडं खायचं, भूक हळूहळू परत येते.

द्राक्षवेल (निफाड तालुका)

मेथीताई, फार उपयोगाचं लिहिलंत.

मी शेतकरी, वय ५६, नऊ वर्षांपासून साखर. माणसांचंही लिहायला हवं म्हणून लिहितो. आमच्याकडे पुरुषाचं पोट सुटलं तर कोणी हसत नाही, "खात्यापित्या घरचा दिसतो" म्हणतात. त्या कौतुकात माझी दहा वर्षं गेली.

छाटणीच्या दिवसांत, एप्रिलची असो की ऑक्टोबरची, मजूर बागेत असतात तेव्हा मी पाच मिनिटांत जेवायचो. एका हातात भाकरी, दुसऱ्यात मोबाईल, त्यावर द्राक्षाचे भाव नाहीतर हवामान. ढग दिसले की घास गिळला जायचा. किती भाकरी झाल्या हे बायकोला माहीत, मला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पोट भरल्याचा निरोप मेंदूत पोचायला वीसेक मिनिटं लागतात, तुम्ही त्याआधीच उठता.

आता मोबाईल ओसरीवर ठेवून येतो. आधी कांदा-काकडी आणि मेथी किंवा शेपूची भाजी, मग बाजरीची भाकरी. भाकरी बारीक मोडून, सावकाश. पहिले आठ दिवस असं बसणं अंगावर आलं, काहीतरी काम बुडतंय असं वाटायचं. जेवण झालं की बागेतल्या ओळींमधून पंधरा मिनिटं फिरतो. गोळी सुरू आहेच. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आठ टक्क्यांच्या वर होती, ती आता सातच्या आसपास आहे. वजन दोन किलोच कमी झालं. डॉक्टर म्हणाले, साखर बघा, वजनाचं सोडा.

तिसरा_गिअर

मेथीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि रात्री उशिरापर्यंत विचार करत बसलो. एक गोष्ट आधी लिहिली नव्हती, ती लिहितो.

रविवारी राइड झाली की आम्ही सगळे मिसळ खायला बसतो. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर दही, पापड, शेवटी जिलबी. सगळे गप्पा मारत असतात आणि मी मनात हिशेब करत असतो, पाव दोन की तीन, तर्री किती. तीन वर्षांपूर्वी असाच तिसरा पाव झाला म्हणून बाकीचे घरी गेल्यावर मी एकटा त्र्यंबक रस्त्याला लागलो, तो पाव जाळायला. भर उन्हात. गुडघा आधीच दुखत होता. परत येताना तो असा धरला की पुढे चार महिने सायकल बंद. त्या चार महिन्यांत मी मिसळीला एकदाही गेलो नाही. मित्र बोलवायचे, मी कामाचं कारण सांगायचो.

सायकलीने मला खूप दिलंय, यावर मी ठाम आहे. पण ती आवडते म्हणून चालवणं आणि शिक्षा म्हणून चालवणं यांत फरक आहे, आणि मी दुसऱ्यावर कधी सरकलो ते मला कळलं नाही. कृष्णकमळताई, "पळवाट" हा शब्द मागे घेतो.

काजवा

तिसरा_गिअर, पुरुष असं लिहीत नाहीत. धन्यवाद.

मेथीताई, किती व्यायाम पुरेसा? मला जिमची भीतीच वाटते, सगळीकडे आरसे.

हिरवी_मेथी

काजवा, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. त्याच सूचनांमध्ये हेही आहे की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं केव्हाही चांगलं. आरसे नको असतील तर गोल्फ क्लब मैदानावर सकाळी जाऊन बघ. सत्तरीचे आजोबा, गर्भार बायका, पोलीस भरतीची मुलं, सगळे एकाच ट्रॅकवर असतात आणि कोणी कोणाकडे बघत नाही. फुगडी, झिम्मा, पोहणं, लेझीम, नातवामागे पळणं, सगळं धरायचं.

जुनी_पंचवटी

नात वाचून दाखवते आणि मी सांगते ते टाइप करते. वय ७४.

आमच्या वाड्यात पंगत बसायची. श्लोक म्हणायचा, पानाभोवती पाणी फिरवायचं, मग पहिला घास. तेवढा वेळ समोरच्या अन्नाकडे बघण्यातच जायचा. पोट भरलं की पानावर हात आडवा धरायचा, वाढणारी पुढे जायची. आग्रह असायचा, पण आडव्या हाताचा मान असायचा. आता हात आडवा धरला की लोक रुसतात, किंवा "डाएटवर आहेस का" विचारतात.

पण सगळं जुनं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. बायकांची पंगत शेवटी असायची. तीन वाजायचे. तोवर भूक मरून जायची. भाजी संपलेली असायची, आम्ही कढईत पोळी पुसून खायचो. भूक लागली असं सुनेने म्हणायचं नसायचं. मेथी म्हणते ते दाबणं म्हणतात ना, ते आम्हाला कोणी डाएट न सांगताच शिकवलं होतं. आणि पानात टाकायचं नाही म्हणून मुलांनी उरवलेलं आम्हीच खायचो, भूक असो नसो.

कृष्णकमळ, बाळा, पानात टाकायला मलाही आवडत नाही. त्यावर उपाय एवढाच की पहिल्यांदा थोडं वाढून घ्यायचं आणि लागलं तर पुन्हा निःसंकोच मागायचं. दुसऱ्यांदा मागायला लाजायचं नाही. ती लाज गेली की पहिल्यांदा ताट शिगोशीग भरावंसं वाटत नाही. मी हे साठीनंतर शिकले, सासूबाई गेल्यावर.

उपासाबद्दल नात विचारतेय. मी एकादशी करते, ती देवासाठी. दुसऱ्या दिवशी द्वादशीला पारणं सोडते, पोटभर जेवते आणि मनात काही राहत नाही. वजनासाठी करायची असती तर द्वादशीलाही जीव अडकला असता.

पाटीपुस्तक

शिक्षिका आहे, आठवी-नववीच्या मुली शिकवते. लेकीच्या प्रश्नाबद्दल लिहिते.

"नाही गं" या उत्तरात अडचण अशी की जाड असणं वाईट, हे त्यात आपण कबूल करून टाकतो. मुलींना ते बरोबर ऐकू येतं. मी आधी विचारते, "आज हे मनात कशावरून आलं?" बहुतेक वेळा मागे कोणाचा तरी शब्द असतो. रिक्षातली मुलगी, मावशी, इन्स्टाग्राम. मग त्या शब्दाबद्दल बोलता येतं. या वयात उंचीच्या आधी अंग भरतं, पाळी सुरू होण्याच्या आसपास मांड्या आणि कंबर रुंदावते, हे शरीराचं ठरलेलं काम आहे, असं मी विज्ञानाच्या तासाला सरळ सांगते. मुली सुटल्यासारखा श्वास घेतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या आपल्याला बघत असतात. आई फोटोत मागे उभी राहते का, स्वतःच्या दंडाबद्दल काय बोलते, सगळ्यांना पोळ्या वाढून स्वतः काकडी खाते का. मी स्वतः वर्गात "बारीक झालीस, छान दिसतेस" म्हणणं बंद केलंय. मुलगी आजारी आहे, घरी भांडणं आहेत की उपाशी राहतेय, आपल्याला काय माहीत? त्याऐवजी "निबंध छान झाला", "आज खो-खोत काय पळालीस!" एवढं पुरतं.

नातेवाइकांसाठी माझं वाक्य ठरलेलं आहे: "मावशी, वजनाचं राहू दे, तुमचा गुडघा कसा आहे ते सांगा." दहातल्या आठ मावश्या लगेच गुडघ्यावर येतात. उरलेल्या दोघींना "मला या विषयावर बोलायचं नाही" असं शांतपणे सांगते. पहिल्या वेळी आवाज थरथरला होता.

कृष्णकमळ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. जुनी_पंचवटी आजी, "दुसऱ्यांदा मागायला लाजायचं नाही" हे मी वहीत लिहून ठेवलंय. माझ्या सासरी कोणी मला उपाशी ठेवलं नव्हतं, तरी पुन्हा वाढून घेताना मी कायम इकडेतिकडे बघायचे. का, ते आज कळलं.

लेकीशी बोलले. पाटीपुस्तक म्हणाल्या तसं आधी विचारलं, कशावरून मनात आलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तूच तर आधी रोज काट्यावर उभी राहायचीस. मला वाटलं मोठं झालं की उभं राहावं लागतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला म्हटलं, ती माझी चूक होती, मी तेव्हा स्वतःशी नीट वागत नव्हते. वजनकाटा काल भंगारवाल्याला दिला, तिच्या हातानेच.

या रविवारी आम्ही पांडवलेणीला गेलो. उतरल्यावर पायथ्याशी तिने तिखटमीठ लावलेला पेरू घेतला. अर्धा खाल्ला, उरलेल्याकडे क्षणभर बघितलं आणि माझ्या हातात दिला. "पोट भरलं. तुला हवा का?" मी स्वतःला विचारलं, भूक होती. तिथेच कठड्यावर बसून खाल्ला, बिया कडक होत्या, गर गुलाबी.

काजवा, पुढच्या रविवारी येतेस का? सकाळी साडेसहाला आम्ही पायथ्याशी असू. सावकाश चढतो, मध्ये दोनदा बसतो. तिसरा_गिअर, तुम्हीही या, गुडघ्याला जमेल तेवढंच चढा. परतताना मिसळ खाऊ.